नांगर टाकून उजाडायची वाट

जूनची १ तारीख आली की मिरकरवाड्याच्या बंदरात यांत्रिक बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. जाळी वर येतात, इंजिने खोलली जातात, तांडेल आणि खलाशी घरी बसतात. याच दिवसांत रत्नागिरीतल्या ख्रिस्ती घरांमध्ये एक बारीकसे काम निघते: पवित्र शास्त्र बुरशीपासून वाचवायचे. कोकणच्या दमट हवेत पुठ्ठ्यावर पांढरट थर चढतो, पाने एकमेकांना चिकटतात, घडी पडलेला कोपरा ओलसर होऊन हातात येतो. घरातली वडीलधारी बाई ते कोरड्या फडक्याने पुसते, पिशवीत गुंडाळून ठेवते आणि रात्रीच्या प्रार्थनेला पुन्हा बाहेर काढते. असे पुस्तक मिटलेले असतानाही बोलते. त्याच्या कडेकडे पाहिले की कुठली पाने जास्त उलटली गेली ते कळते. मध्यावर, जिथे स्तोत्रसंहिता येते, तिथली कड बोटांच्या स्पर्शाने काळवंडलेली असते.

त्या काळवंडलेल्या कडेची ही प्रस्तावना आहे. पावसाळ्यात रोज एक याप्रमाणे वाचण्यासाठी निवडलेले उतारे पुढल्या पानांत आहेत, आणि त्यांना जोडणारा धागा एकच, आशा. माणसे देवावर आशा ठेवतात म्हणजे नेमके काय करतात, ती कुठून येते आणि रोजच्या वाचना-प्रार्थनेशी तिचा काय संबंध, हे आधी थोडे उलगडून घेतले तर उतारे वाचताना हाताशी काही राहील.

मराठीचा आशेवर पूर्वापार फारसा विश्वास नाही. आपल्याकडे आशा वेडी असते, खोटी असते. माणूस आशाळभूत झाला की त्याची किंमत उतरते. जुन्या सुभाषितकारांनी तिला बेडी म्हटले, आणि संतांनी तिला तृष्णेच्या शेजारी बसवून दोघींनाही दाराबाहेर काढले. याच भाषेत जेव्हा पौलाची पत्रे आली, तेव्हा विश्वास आणि प्रीती यांच्या पंगतीला आशा बसलेली पाहून वाचणारा चपापला असेल. ज्या शब्दापासून सुटका करून घ्यायची, तोच शब्द इथे टिकून राहणाऱ्या तीन गोष्टींपैकी एक म्हणून सांगितलेला.

पण मराठीच्याच पोटात एक वेगळी खूण आहे. आपण आशेबरोबर कुठली क्रियापदे वापरतो ते पाहावे. आशा धरली. आशा लावली. आशा सुटली. आशा तुटली. ही सगळी दोराची क्रियापदे आहेत. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यात आशेसाठी ‘तिक्वा’ असा शब्द आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ दोर असाच होतो. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरातली राहाब आपल्या खिडकीला किरमिजी रंगाचा दोर बांधते आणि त्या खुणेवर तिचे घर वाचते. तिथे दोरासाठी हाच शब्द आहे. त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ वाट पाहणे. दोर आणि वाट पाहणे या दोन गोष्टी एका शब्दात कशा आल्या, हे बंदरावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नांगराचा दोर ताणला गेलेला असतो, आणि बोटीवरचा माणूस उजाडायची वाट पाहत असतो.

नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने आशेला जिवाचा नांगर म्हटले ते उगाच नाही. पण नांगराची खरी गोष्ट वाचायची तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७ वा अध्याय काढावा. कोकणात वाचावा असा तो अध्याय आहे. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. गहू भरलेले मोठे गलबत वादळात सापडते. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. लिहिणारा स्वतः त्या गलबतावर असावा, कारण तो ‘आम्ही’ म्हणतो, आणि तो स्वच्छ सांगतो की वाचण्याची आशा उरली नव्हती. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा सुगावा लागतो. दोर सोडून खोली मोजतात तर २० वाव. थोडे पुढे जाऊन पुन्हा मोजतात तर १५ वाव. खडकावर आपटण्याच्या भीतीने ते पिछाडीकडून चार नांगर टाकतात आणि दिवस उगवावा म्हणून प्रार्थना करतात.

त्या रात्री त्यांनी वादळ थांबावे असे मागितलेले दिसत नाही. त्यांनी उजेड मागितला. मग पौल काय करतो? तो भाकर हातात घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खाऊ लागतो. चौदा दिवस धड न जेवलेल्या माणसांना धीर येतो आणि तीही खातात. गलबतावर २७६ माणसे होती, असा आकडा लेखकाने दिला आहे. सकाळी गलबत वाळूत रुतून मोडते. कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून, सगळे काठाला लागतात. गलबत गेले, गहू गेला, माणसे राहिली. बायबलमधली आशा कशी असते हे समजायला या अध्यायाइतके नेमके ठिकाण क्वचितच सापडेल. ती नुकसान टाळत नाही. अंधारात माणसाला धरून ठेवते आणि जेवायला लावते.

कोकणपट्टीत ही कथा मराठीतून ऐकू यायला बराच काळ जावा लागला, आणि जी माणसे त्यासाठी खपली ती फार वेगवेगळ्या ठिकाणांहून आली. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना आपली जुनी पुराणे सुटल्याची रुखरुख होती. संध्याकाळी ऐकायचे काय, गायचे काय? त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी मराठी ओवीत सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर ख्रिस्ताची कथा प्रथम आली ती ऐकण्याच्या, म्हणण्याच्या रूपात.

पुढे इंग्रजी राजवटीत विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपुरातून १८११ मध्ये मराठी नवा करार काढला. १८२३ च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, मग हर्णैला. ही दोन्ही गावे आज रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. ज्यांच्या नावाने मुंबईतले विल्सन कॉलेज ओळखले जाते, ते जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आले आणि मराठी शिकायला प्रथम याच किनाऱ्यावर, हर्णैला राहिले. रत्नागिरी शहरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे १८७३ मध्ये उघडले. दापोलीला मिशनची शाळा झाली. पालगडचे साने गुरुजी तिथे शिकले. हे सगळे सुखासुखी झाले असे मात्र समजू नये. धर्मांतराच्या प्रत्येक घटनेने घरे दुभंगली, आईबाप आणि मुले एकमेकांना दुरावली, आणि त्या दुःखाची बाजू वाचकाने विसरता कामा नये. पुढची गोष्ट तशाच एका दुभंगलेल्या घराची आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले, कविता लहानपणापासून होतीच. वृत्ती मात्र अस्वस्थ. आज हे गाव, उद्या ते, नोकरी धरली की सुटली. देशाचे भले कशाने होईल, जातिभेद कशाने जाईल, खरा धर्म कोणता, या प्रश्नांनी त्यांना घरी स्वस्थ बसू दिले नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. आधी संस्कृत काव्यावर, मग देवावर. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि प्रार्थना करून वाचा म्हणाला. टिळकांनी पुस्तक घेतले ते केवळ शब्द दिला म्हणून. वाचायचे म्हणून वाचू लागले आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. मत्तयच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांत मिळून हे प्रवचन येते, आणि तिथे टिळकांना आपल्या अनेक प्रश्नांची उत्तरे दिसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांनी आपली भाषा सोडली नाही. तुकारामाच्या वाटेवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत आणि सांगत. त्यांचे अभंग ‘अभंगांजली’त आहेत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची गीते इतकी आहेत की रविवारी महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये गेलेल्या माणसाच्या कानी त्यांचा एखादा तरी शब्द पडतोच. विठ्ठलाची वाट पाहणाऱ्या अभंगाचा सूर त्यांनी ख्रिस्ताची वाट पाहायला वापरला. मघाच्या हिब्रू शब्दातली वाट पाहणे आणि वारकऱ्याची वाट पाहणे अशी एका ओळीत येऊन बसली.

आशेचा कस मात्र टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात जास्त लागला.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी १८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच, टिळकांच्या घरी आली. माहेरी सोवळ्याचा कडक अंमल. लिहिणे-वाचणे नवऱ्याने शिकवले तेवढेच. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत आणि तरी नाही, अशी काही वर्षे तिने नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्या दिवसांतला काही काळ पंढरपुरात गेला. टिळकांकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळे लगेच सोडले नाही. नवरा पाळक घडवणाऱ्या शाळेत शिकवतो आणि बायको आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवते, असा संसार अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, सुरू झाला. कोणी त्यांना वाद घालून जिंकले नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, रात्रंदिवस घोळवला आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळे ज्या साधेपणाने आले आहे, त्याला मराठीत तोड नाही. दुःख सांगताना त्या वाचकाचा हात धरून त्याला रडवत बसत नाहीत. भांड्यांचा आवाज, मुलांचा गोंधळ, टिळकांचा विसरभोळेपणा हे सगळे चालू असते आणि मधेच एका वाक्यात काळीज हलते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केले होते, ते सुरुवातीच्या काही अध्यायांवरच राहिले. पुढे काय झाले ते मुद्दाम लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरे शिकवावी लागली, तिने ते काव्य हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचून जवळजवळ तडीला नेले. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई त्याआधी दोन वर्षे, फेब्रुवारी १९३६ मध्ये वारल्या होत्या. छापलेले पुस्तक त्यांनी पाहिले नाही. ओवीमागून ओवी, अध्यायामागून अध्याय अशी शुभवर्तमाने पुन्हा पुन्हा वाचत इतकी वर्षे काम रेटणे ही रोजची उपासना होती, असेच या प्रस्तावनेचे मत आहे.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालात गमावलेल्या, लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झालेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुली सांभाळल्या आणि त्याच धबडग्यात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. छपाईचे काम मुक्तीतल्याच बायकांनी केले. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा हे काम हातावेगळे होत आले होते.

आता रोजच्या प्रार्थनेविषयी. ‘रोज’ या शब्दावर सगळा भार आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत आजच्या दिवसापुरती भाकर मागितली आहे, उद्याची नाही. मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘भाकर’ हा शब्द घातला आणि देशावर तो चपखल बसला. कोकणात घरोघरी भात शिजतो, तरी रत्नागिरीतले मूलही प्रार्थनेत भाकरच मागते आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. निर्गमाच्या पुस्तकातला मान्नाही असाच एका दिवसाचा. दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर त्यात किडे पडत. पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. त्रिकाळ संध्येच्या घरात वाढलेल्या टिळकांना हे परके वाटायचे कारण नव्हते.

घरातली प्रार्थना फार थाटाची नसते. जेवणे उरकली, भांडी घासायची राहिली आहेत. सगळी खाली बसतात. एक गीत होते, सूर कोणाचा वर, कोणाचा खाली. मग एकजण शास्त्रपाठ वाचतो, बहुधा शाळकरी मूल, ‘नबुखद्नेस्सर’सारख्या नावापाशी अडखळत. आजोबा न बघता दुरुस्त करतात. मग प्रार्थना: आजाऱ्यांची नावे, मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाचे नाव, परीक्षेला बसलेल्या नातीचे, शेजारच्या भांडणाचे. मध्येच वीज जाते. कोणी उठत नाही. अंधारातच तेविसावे स्तोत्र सुरू होते, कारण ते पाठ आहे. पाठ असणे म्हणजे काय, ते अशा वेळी समजते. उजेड असताना रोज थोडे थोडे साठवलेले ते अंधारात हाताला लागते.

आणि जे पाठ असते ते सगळे गोड नसते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, किती काळ? का लपलास? असे सरळ विचारणारी. बहुतेक विलाप अखेरीस भरवशाकडे वळतात; ८८ वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे. ‘विलापगीत’ हे पुस्तक तर आणखी विलक्षण. यरुशलेम पडल्यावरचा हा शोक. त्याच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचले आहेत. मोडून पडलेल्या माणसाने अ-आ-इ-ईचा आधार घेऊन रडावे, तसे. मधला तिसरा अध्याय ६६ ओव्यांचा, आणि त्याच्या पोटात, पुस्तकाच्या साधारण मध्यावर, दररोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेचा उल्लेख येतो. तो आला म्हणून शोक थांबत नाही; पुढे दोन अध्याय रडणे चालूच राहते. ज्यांना दुःखात हसतमुख राहणे जमत नाही आणि त्याची लाज वाटते, त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे.

एका गोष्टीपासून मात्र वाचकाला सावध केले पाहिजे. प्रार्थना केली की आजार जातो, कर्ज फिटते, औषध बंद करा, असे सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांची आशा शास्त्रातली नाही. रत्नागिरीत ठाणे उघडणाऱ्या त्याच प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उघडले, आणि कोकणातल्या रोग्यांनीही घाट चढून तिथली वाट धरली. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली चालत. पौलानेही वादळात प्रार्थना केली आणि छोट्या मचव्यातून पळू पाहणाऱ्या खलाशांना थांबवण्यासाठी सैनिकांना सावधही केले, कारण गलबत चालवणारी माणसे गलबतावर हवी होती.

पुढले उतारे एका ठरावीक क्रमाने लावले आहेत. पहिला आठवडा विलापांचा. त्यानंतर डोंगरावरचे प्रवचन, रोज थोडे, सावकाश. मग रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय, जिथे सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांत कण्हत वाट पाहते. उतारे मोठ्याने वाचायचे आहेत, घरात एकटे असलात तरी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचू नयेत. त्या दिवसाचे तेवढेच वाचावे. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर फक्त नावे घ्यावीत, ज्यांची काळजी वाटते त्यांची.

प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय ३१ जुलैच्या रात्रीसाठी राखून ठेवला आहे. त्या रात्री मिरकरवाड्याला बोटींवर बर्फ चढत असेल, जाळी नीट रचून ठेवली जात असतील, डिझेलचा वास वाऱ्यावर येत असेल. पहाटेच्या भरतीला कोण कोण बाहेर पडणार, त्यांची नावे आधी विचारून ठेवावीत, शेजारच्या मुसलमान आणि खारवी घरांतलीही, आणि मग अध्याय वाचायला बसावे.